ब्राउझरमधल्या खेळाचा बिल्ड

ब्राउझरमधला खेळ मोबाईलमध्ये आधीपासून बसवलेला नसतो. पान उघडले की तो नेटवरून उतरतो, त्या यंत्राच्या मेमरीत उभा राहतो आणि मग सुरू होतो. त्यामुळे युनिटी किंवा गोडो यांसारख्या गेम इंजिनमधून वेबचा बिल्ड काढताना प्रत्येक सेटिंग खेळणाऱ्याच्या बाजूने ठरवावी लागते. बनवणाऱ्याचा संगणक कितीही दणकट असला तरी त्याचा इथे उपयोग नाही.

पूर्वी युनिटीचे खेळ ब्राउझरमध्ये प्लगइनवर चालत. क्रोमने 2015 मध्ये तसल्या प्लगइनचा आधार काढून घेतला आणि 2020 च्या अखेरीस फ्लॅशही बंद झाले. आता युनिटी सी-शार्पमधला कोड आधी सी++ मध्ये बदलते आणि एमस्क्रिप्टेन हे साधन त्यातून वेबअसेंब्लीची फाइल काढते. बिल्डच्या फोल्डरमध्ये ही .wasm फाइल, चित्रे आणि आवाजांची .data फाइल, जावास्क्रिप्टच्या दोन फाइली आणि index.html एवढा ऐवज मिळतो.

समजा, खेळ एका एस.टी.चा आहे. गाडी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावरून निघते, आसेगाव, परतवाडा करत चिखलदऱ्याचा घाट चढते. गावातला मुलगा तो वडिलांच्या मोबाईलवर उघडणार. बिल्ड 40 एमबीचा असेल आणि नेटचा वेग सेकंदाला 8 मेगाबिट असेल, तर नुसता उतरायलाच 40 सेकंद लागतील. इतका वेळ कोणी थांबत नाही, आणि दिवसाच्या डेटातले 40 एमबीही जातात. म्हणून पहिले काम वजन कमी करण्याचे.

युनिटीत डेव्हलपमेंट बिल्डची खूण चुका शोधण्यापुरतीच ठेवावी, कारण त्या बिल्डमधला कोड आटोपशीर केलेला नसतो. प्रसिद्ध करायच्या बिल्डमध्ये ती काढावी. ‘स्ट्रिप इंजिन कोड’ चालू ठेवले की न वापरलेले भाग गळतात. ‘मॅनेज्ड स्ट्रिपिंग लेव्हल’ मात्र एकदम वरच्या पायरीवर नेऊ नये. नाव देऊन चालताचालता शोधले जाणारे वर्ग इंजिनला वापरात दिसत नाहीत, ते कापले जातात आणि एडिटरमध्ये नीट चालणारा खेळ ब्राउझरमध्ये कोसळतो. असे वर्ग link.xml मध्ये नोंदवून वाचवता येतात. एक्सेप्शनची पूर्ण तपासणी चालू ठेवली तर कोड फुगतो आणि मंदावतो, म्हणून तीही शेवटी उतरवावी.

खरे वजन बहुधा चित्रांत असते. 2048 बाय 2048 चे एक चित्र कॉम्प्रेस न करता मेमरीत 16 एमबी जागा घेते, तर ईटीसी-2 या कॉम्प्रेशनच्या प्रकारात, पारदर्शकतेसह, 4 एमबी. संगणकांसाठीचा डीएक्सटी हा प्रकार बहुतेक मोबाईलना वाचता येत नाही. तसा बिल्ड मोबाईलवर चालतो, पण चित्रे उलगडून पूर्ण आकारात मेमरीत भरली जातात आणि कमी रॅमच्या मोबाईलवर टॅबच बंद पडतो. मोबाईल डोळ्यांसमोर असेल तर एएसटीसी किंवा ईटीसी-2 निवडावे. दोन्हीकडे चालवायचे असेल तर दोन बिल्ड काढून, पान उघडताना योग्य ती .data फाइल देता येते.

आता कॉम्प्रेशन. ब्रोटलीने फाइल जिझिपपेक्षा लहान होते, पण बिल्डला वेळ जास्त लागतो आणि क्रोम व फायरफॉक्स ब्रोटली फक्त एचटीटीपीएसवर स्वीकारतात. शिवाय .br फाइलसोबत सर्व्हरने Content-Encoding: br असा हेडर पाठवला पाहिजे. हेडर नसेल तर भरणीची पट्टी सरकते आणि मध्येच थांबते. सर्व्हरच्या सेटिंगला हात लावता येत नसेल, तर ‘डिकम्प्रेशन फॉलबॅक’ चालू करावे. मग जावास्क्रिप्ट फाइल उलगडते, पण खेळ सुरू व्हायला उशीर होतो. गोडोच्या 4.0 ते 4.2 या आवृत्त्यांत हेडरचा त्रास आणखी होता. तिथे थ्रेड सक्तीचे, आणि थ्रेडसाठी सर्व्हरकडून दोन खास हेडर हवेत. 2024 च्या 4.3 पासून थ्रेडशिवाय बिल्ड काढता येतो, आणि साध्या मोफत होस्टिंगसाठी तोच घ्यावा.

मराठी खेळाचा खरा कस अक्षरांत लागतो, आणि इंग्रजी मार्गदर्शनात नेमके हेच नसते. एडिटरमध्ये फॉन्टला देवनागरी नसली तर संगणकातला निर्मला किंवा मंगल गुपचूप उसना घेतला जातो आणि सगळे नीट दिसते. ब्राउझरमधल्या बिल्डला ती सोय नाही, तिथे चौकोन उमटतात किंवा जागा कोरी राहते. म्हणून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी असा मुक्त परवान्याचा फॉन्ट प्रकल्पातच घालावा लागतो. तेवढ्याने भागतेच असे नाही. युनिटीचे टेक्स्टमेश प्रो चिन्हे साठवलेल्या क्रमाने मांडत जाते. एस.टी.च्या पाटीवर ‘वलगाव’ आणि ‘परतवाडा’ ठीक येतात, कारण त्यांत ना जोडाक्षर ना ऱ्हस्व वेलांटी. ‘चिखलदरा’ आला की वेलांटी ‘च’च्या नंतर पडते. ‘दर्यापूर’ मध्ये रफार बनतच नाही, ‘र’चा पाय मोडलेला दिसतो. पाटी तपासताना वलगाव बघून समाधान मानणे इथे अंगलट येते, तपासायला चिखलदरा आणि दर्यापूर घ्यावेत. थोड्याच पाट्या असतील तर त्या चित्र म्हणून तयार करणे हा सरळ मार्ग. गोडो 4 मध्ये हार्फबझ ही अक्षरे जुळवणारी प्रणाली आहे, तिथे हे शब्द बरोबर उमटतात. मात्र वजन घटवण्यासाठी स्वतःचे एक्स्पोर्ट टेम्प्लेट बनवताना प्रगत टेक्स्ट सर्व्हर वगळला, की तिथेही जोडाक्षरे फुटतात. मराठीसाठी तेवढे वजन सोसलेच पाहिजे.

index.html वर डबल क्लिक करून खेळ चालत नाही, ब्राउझर फाइली भरू देत नाही. छोटा सर्व्हर लागतो. पायथॉन असेल तर python -m http.server 8000 एवढी आज्ञा पुरते, मात्र हा सर्व्हर ब्रोटलीचा हेडर पाठवत नाही, म्हणून चाचणीचा बिल्ड कॉम्प्रेशनशिवाय काढावा. मोबाईलवर संगणकाचा आयपी टाकून खेळ उघडता येतो, पण तो पत्ता ब्राउझर सुरक्षित मानत नाही आणि हेडर दिले तरी थ्रेड चालत नाहीत. त्याऐवजी मोबाईल यूएसबीने जोडून क्रोमच्या chrome://inspect मधून पोर्ट वळवला, की मोबाईलवरही localhost:8000 चालते, आणि localhost सुरक्षित मानला जातो. चुकांचे संदेशही तिथेच संगणकावर वाचता येतात. आवाज ऐकायचा तर आधी पडद्यावर बोट लावावे, स्पर्शाशिवाय ब्राउझर आवाज सुरू होऊ देत नाही. म्हणून खेळाच्या सुरुवातीला ‘सुरू करा’ असे बटण ठेवतात.

सुधारलेला बिल्ड चढवल्यावर जुनाच खेळ दिसत राहिला, तर दोष बहुधा ब्राउझरच्या साठवणीचा असतो. युनिटीत ‘नेम फाइल्स ॲज हॅशेस’ चालू केले की मजकूर बदलताच फाइलचे नावही बदलते आणि नवी फाइल उतरते. ज्या फाइली बदलल्या नाहीत त्यांची नावे तीच राहतात, त्यामुळे त्या मोबाईलमधल्या साठ्यातूनच घेतल्या जातात आणि त्यांच्यासाठी पुन्हा डेटा जात नाही.