मनगटावरची नोंदवही : गोल्फचा फटका आपोआप कसा टिपला जातो?

पालघर जिल्ह्यातील आचोळे हे नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील गाव आज वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या दाट वस्तीत मिसळून गेले आहे. तेथे गोल्फचे मैदान नाही. अठरा खळग्यांच्या मैदानास साधारणतः शंभर ते दोनशे एकर जागा लागते. लोकलच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या या उपनगरात एवढी मोकळी जागा मिळणे कठीणच. परंतु खेळाडूच्या अंगावरील लहानशा उपकरणाने त्याच्या कामगिरीची नोंद ठेवावी, ही कल्पना या परिसराला परकी नाही. वसई-विरारची मॅरेथॉन २०११ साली सुरू झाली. अशा शर्यतीत धावपटूच्या क्रमांकपट्टीस किंवा बुटास एक चिप लावलेली असते. रस्त्यावर अंथरलेल्या पट्ट्यावरून तो जाताच त्याची वेळ नोंदली जाते. हजारो धावपटूंची वेळ पंचाच्या हातातील घड्याळाने टिपणे शक्य नव्हते. ते काम चिपने सोपे केले.

धावण्याची नोंद तुलनेने सरळ आहे, कारण मार्ग ठरलेला आणि पट्टे जागच्या जागी असतात. गोल्फमध्ये मात्र खेळाडू कोठून फटका मारील आणि चेंडू कोठे पडेल, हे आधी ठाऊक नसते. तरीही खेळाडूने खिशातून कागद न काढता प्रत्येक फटका टिपणारी उपकरणे गेल्या सुमारे दशकभरात प्रचारात आली आहेत. त्यांची रचना समजून घेणे उद्बोधक ठरेल.

खेळ आणि त्याचा हिशेब

गोल्फ भारतात आला तो १८२९ साली, कलकत्त्यात. मुंबईत चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा आहे. ज्या सिडकोकडे १९९० पासून सुमारे वीस वर्षे वसई-विरार उपप्रदेशाच्या नियोजनाचे काम होते, त्याच सिडकोने नवी मुंबईत खारघरच्या डोंगरांच्या कुशीत गोल्फचे मैदान विकसित केले.

खेळाचे तत्त्व साधे आहे. १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळग्यात कमीत कमी फटक्यांत चेंडू पोहोचवावयाचा. त्यासाठी खेळाडूस जास्तीत जास्त १४ काठ्या बाळगता येतात. लांब पल्ल्याची वेगळी, जवळच्या पल्ल्याची वेगळी आणि हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलण्याची वेगळी. खेळ संपल्यावर गुणपत्रिकेवर उरते ती केवळ फटक्यांची संख्या. नव्वद फटके झाले, एवढे ती सांगते. त्यांतील कोणते वाया गेले व का, हे सांगत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नवी उपकरणे निर्माण झाली.

तीन प्रश्नांची उत्तरे

फटका टिपावयाचा तर तीन प्रश्न सुटले पाहिजेत : कोणत्या काठीने, केव्हा आणि कोठून?

पहिल्या प्रश्नासाठी प्रत्येक काठीच्या मुठीच्या टोकास बोटाच्या पेराएवढी खूणचिप बसवितात. सुरुवातीच्या काही उपकरणांत फटक्यापूर्वी ही खूणचिप कमरेच्या यंत्रास टेकवावी लागे. घाईत तेच विसरले जाई. पुढे स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील शॉट स्कोप या कंपनीने मनगटपट्टीलाच खूणचिप ओळखता येईल अशी रचना केली. अन्य काही प्रकारांत मुठीतील संवेदकास प्रकाश जाणवतो. काठी पिशवीत उलटी, अंधारात असेपर्यंत तो निद्रिस्त राहतो आणि बाहेर काढताच जागा होतो. त्यामुळे त्याची बॅटरीही पुष्कळ काळ टिकते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्वरणमापक व जायरोस्कोप हे दोन सूक्ष्म संवेदक देतात. त्वरणमापकात सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच नाजूक पट्ट्यांवर तोललेला असतो. हाताला गती मिळाली की तो किंचित सरकतो आणि त्या सरकण्याचे विद्युतसंकेतात रूपांतर होते. जायरोस्कोप हात किती वेगाने वळला ते सांगतो. हात मागे जाणे, वरच्या टोकाशी क्षणभर थबकणे, वेगाने खाली येणे आणि अखेरीस एक तीव्र धक्का, असा क्रम जुळला की उपकरण ‘फटका’ अशी नोंद करते. काठी व चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढाच टिकतो. सरावासाठी हवेत फिरविलेल्या काठीत हा धक्का नसतो. म्हणून सराव आणि खरा फटका वेगळे ओळखता येतात. काही उपकरणे ध्वनिग्राहकाद्वारे आघाताचा आवाजही ऐकतात.

तिसरे उत्तर आकाशातून येते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील जीपीएस उपग्रहांचे संदेश किती वेळात पोहोचले, यावरून अंतरे व त्यांवरून स्थान काढले जाते. प्रकाशवेगाने येणाऱ्या संदेशाच्या वेळेत सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. मनगटावरील घड्याळ एवढे अचूक नसते. म्हणून त्याची चूक दुरुस्त करण्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. भारताच्या ‘नाविक’ या स्वतंत्र प्रणालीतील एनव्हीएस-०१ हा उपग्रह २९ मे २०२३ रोजी सोडण्यात आला. लहान नागरी उपकरणांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एल-१ या कंपनपट्ट्यावर संदेश देण्याची सोय ‘नाविक’मध्ये प्रथम त्याच्याद्वारे झाली.

उपकरण कोठे चुकते?

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. यापैकी कोणताही संवेदक चेंडू पाहत नाही. पहिला फटका ज्या जागी मारला आणि पुढचा ज्या जागी मारला, त्या दोन जागांमधील अंतर हीच पहिल्या फटक्याची लांबी धरली जाते. चेंडू पाण्यात गेला आणि दंड घेऊन दुसरीकडे ठेवला, तर खेळाडूने तशी दुरुस्ती केल्याशिवाय नोंद खोटी ठरते. खळग्याच्या काठावरून हलकेच ढकललेल्या चेंडूचा धक्का इतका अल्प असतो की तो निसटू शकतो. मोकळ्या आकाशाखालीही मनगटावरील उपकरणाची स्थाननोंद काही मीटरनी चुकू शकते. दीडशे मीटरच्या फटक्यात ही चूक चालून जाते. दोन मीटरच्या फटक्यात तिला अर्थच उरत नाही. म्हणून खेळ संपल्यावर नोंदी तपासणे हा वापराचा आवश्यक भाग होय.

आठवण आणि सरासरी

एवढा खटाटोप कशासाठी? माणसाची आठवण निवडक असते. समजा, एखाद्या खेळाडूच्या मते अमुक काठीने त्याचा चेंडू १५० मीटर जातो. तो आकडा बहुधा त्याच्या सर्वोत्तम फटक्याचा असतो. पन्नास फटक्यांची सरासरी १३२ मीटर निघाली, तर आपला चेंडू वारंवार अलीकडच्या वाळूत का पडतो, याचा उलगडा त्याला होतो. दोष हाताचा नसून अंदाजाचा होता!

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक स्पर्धांतील फटक्यांच्या नोंदी अभ्यासल्या. हिरवळीवरील अखेरचे फटकेच सामना जिंकून देतात, हा समज जुना होता. उत्तम खेळाडूंच्या सरशीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांतून येतो, असे त्यांना आढळले. ज्या नोंदींसाठी त्या स्पर्धांत लेसर-यंत्रे व स्वयंसेवकांचा ताफा लागे, तशाच स्वरूपाची, काहीशी ढोबळ नोंद आज सामान्य खेळाडूस मनगटावर मिळते.

यंत्राचा सल्ला किती घ्यावा, यालाही मर्यादा आहे. १ जानेवारी २०१९ पासूनच्या नियमांनुसार अंतर मोजण्यास सर्वसाधारणपणे मुभा आहे. परंतु सामन्याच्या वेळी चढ-उतार मोजणे किंवा कोणती काठी घ्यावी हे यंत्रास विचारणे निषिद्ध आहे. तो सल्ला खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी मात्र देऊ शकतो. कॅडीचे हे ज्ञान हलके लेखता येणार नाही. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर कॅडीचे काम करीतच घडले. वारा, गवताची ओल आणि खेळाडूची मनःस्थिती यांची सांगड त्या नजरेत असते. यंत्र ‘काय झाले’ ते सांगते; ‘का झाले’ ते माणसालाच शोधावे लागते.

आचोळ्यातील मुलांसाठी

गोल्फ न खेळणाऱ्या वस्तीस या विद्येचा उपयोग काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर संवेदकांतच आहे. तोच त्वरणमापक आज साध्या घड्याळात पावले मोजतो. वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजाने आठवड्यात किती चेंडू टाकले, याचा हिशेब ठेवून त्याच्या पाठीवरील ताण वेळीच ओळखता येतो. तो हिशेब वहीत ठेवला तरी चालतो; यंत्र केवळ विसरत नाही, एवढेच. ज्या मुलास नामांकित प्रशिक्षक परवडत नाही, त्याला स्वतःच्या कामगिरीची खरी नोंद मिळणे ही मोठीच जमेची बाजू आहे.

मात्र ती नोंद कोणाच्या हाती जाते, हेही पाहिले पाहिजे. मनगटावरील उपकरण फटक्यांबरोबर खेळाडूचा ठावठिकाणाही टिपते. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अशा माहितीसाठी संमतीची आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. उपकरण सुरू करताना पडद्यावर उमटणारा संमतीचा मजकूर न वाचता पुढे सरकविण्याची सवय म्हणूनच सोडली पाहिजे. मुलाच्या मनगटावर पट्टी बांधण्यापूर्वी पालक व प्रशिक्षक यांनी दोन गोष्टी ठरवाव्यात : नोंद कोण पाहणार आणि ती पाहून सरावात कोणता बदल करणार. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पट्टी केवळ शोभेची ठरते.