घरच्या लिनक्सचे दप्तर : काही गैरसमज

घरी लिनक्सचा संगणक बाळगणाऱ्या पुष्कळ गृहस्थांची अशी दृढ समजूत असते की, यंत्र ज्याअर्थी आपल्या बहुतेक हालचालींची नोंद लॉग फाइलींत करीत असते, त्याअर्थी काही अनर्थ ओढवल्यास ते आपणांस कळविल्यावाचून राहणार नाही. वस्तुतः नोंद करणे हे कारकुनाचे काम आणि वर्दी देणे हे जासुदाचे. पैकी कारकून लिनक्समध्ये आयताच नेमलेला असतो, जासूद मात्र बहुधा मालकासच नेमावा लागतो. डिस्कचा एखादा भाग वाचता येईनासा झाला, तर कर्नल ‘आय-ओ एरर’ असा शेरा इमानेइतबारे मारतो आणि पुढच्या कामास लागतो.

दुसरी समजूत जुन्या पुस्तकांमुळे टिकून आहे : सगळे दप्तर ‘व्हार-लॉग’ या फोल्डरात साध्या मजकुराच्या रूपाने असते. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या मेल-प्रोग्रामच्या निमित्ताने सिसलॉगची पद्धत घातली, तिच्यापुरते ते खरे होते. हल्लीच्या बहुतेक वितरणांत सिस्टिमडीचे जर्नल बायनरी स्वरूपात असून ते ‘जर्नलसीटीएल’ या कमांडनेच वाचावे लागते. २०२३ च्या डेबियन १२ पासून तर नव्याने बसविलेल्या यंत्रावर सिसलॉगची फाइल मूळ मांडणीत तयारच होत नाही, आणि ती न दिसल्यामुळे नोंदीच बंद पडल्या असे मानून लोक नाहक हवालदिल होतात.

पासवर्ड चुकल्याची प्रत्येक नोंद म्हणजे आपल्यावर रोखलेला हल्ला, हेही खरे नव्हे. दुरून लॉगिन करण्याचे एसएसएचचे दार इंटरनेटवर उघडे ठेवले की, ‘अॅडमिन’, ‘टेस्ट’ अशी नावे घेऊन स्वयंचलित प्रोग्राम ते अहोरात्र ठोठावीत असतात. त्यांचा बंदोबस्त फेलटूबॅनने करावा, जे मूळ मांडणीनुसार दहा मिनिटांत पाच वेळा चुकणाऱ्या पत्त्यास दहा मिनिटे मज्जाव करते. इशारा मागावयाचाच, तर अनोळखी पत्त्यावरून पासवर्ड स्वीकारला गेल्याचा मागावा. नोंदींना शून्य ते सात अशा गांभीर्याच्या पायऱ्या असतात खऱ्या, पण केवळ त्यांवर विसंबल्यास ब्लूटूथच्या निरुपद्रवी कुरबुरीही ‘एरर’ म्हणून पुढ्यात येतात. म्हणून ओळखीच्या ओळी वगळून उरलेल्या तेवढ्या दाखविणारी लॉगचेकची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते.

स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टवरील भरवसा तर फारच घातक. ‘टेल’ला लहान ‘एफ’ हा पर्याय देऊन फाइलीवर पहारा बसविला, आणि लॉगरोटेटने ठराविक मुदतीने तिचे नाव बदलून त्या जागी नवी फाइल उघडली, की पहारा जुन्याच फाइलीपाशी खिळून राहतो; स्क्रिप्ट चालू दिसते, तक्रार काही नसते, आणि नवी एकही ओळ तिच्या नजरेस पडत नाही. अशा ठिकाणी मोठा ‘एफ’ हवा. तो नावाचा माग ठेवतो.

राहता राहिली मेलची गोष्ट. ठरल्या वेळी कामे चालविणाऱ्या क्रॉनच्या कामातून निघालेला मजकूर मेलने येईल असे आपण धरून चालतो. पण मेल पाठविणारा प्रोग्रामच यंत्रावर नसेल, तर डेबियनवरील क्रॉन तो मजकूर टाकून देतो, आणि टाकून दिल्याची नोंद पुन्हा लॉगमध्येच करतो! सबब, ‘लॉगर’ कमांडने एक खोटी तक्रार दप्तरात घुसवून तिची वर्दी मोबाइलपर्यंत पोचते की नाही, हे पाहावे. आणि मेलचा पासवर्ड बदलला किंवा वितरणाची नवी आवृत्ती चढविली, म्हणजे ही परीक्षा पुन्हा घ्यावी.