विश्लेषण : मुंबईचा पूर्व किनारा भिंतीआड का?

हार्बर लाइनने डॉकयार्ड रोड ते शिवडी जा. नावात बंदर, पण समुद्र क्वचितच दिसतो. कुलाबा ते वडाळा बहुतांश किनारा नौदल आणि बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झाला; मागोमाग गोदामे, रूळ आले. कंटेनरची मोठी उलाढाल पुढे न्हावा-शेव्याला गेली, भिंती इथेच राहिल्या.

पाण्यापर्यंत जायचे कुठून? गेटवे, भाऊचा धक्का (२०२० पासून मांडव्याला गाडीसह रो-रो), मासळीसाठी ससून डॉक. यादी जवळपास संपली!

२०१४ मध्ये राणी जाधव समितीने मोकळ्या जागांचा आग्रह धरला. पण नुसता प्रॉमनेड बांधून काय उपयोग? रे रोडला उतरलेल्याला तिथवर चालत जाता आले पाहिजे.