सिक्वेन्शियल शिफ्टर: दांडा बदलतो, गिअरबॉक्स नाही

रॅलीचा चालक उंच दांडा खस्सकन मागे ओढतो आणि पुढचा गिअर पडतो. अशी चित्रफीत पाहिली की आपल्या मॅन्युअल गाडीतही तसा दांडा हवासा वाटतो. तो मिळतोही. जपानच्या इकेया फॉर्म्युला कंपनीचे निसान सिल्व्हिया, स्कायलाइन अशा गाड्यांसाठीचे शिफ्टर ड्रिफ्टिंग करणाऱ्यांत प्रसिद्ध आहेत. यंत्र हुशारीचं आहे, पण त्याच्याकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या जातात आणि त्याची किंमत गिअरबॉक्सला मोजावी लागते.

गैरसमज १: शिफ्टर बसवला की गिअरबॉक्स सिक्वेन्शियल होतो.

वस्तुस्थिती: बदलतो तो फक्त दांडा आणि त्याखालची यंत्रणा. मूळ गिअरबॉक्सला दोन हालचाली लागतात: आडवी हालचाल गिअरची जोडी निवडते (पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा आणि पुढे), तर मागे-पुढे केलेली हालचाल त्या जोडीतला एक गिअर टाकते. नव्या शिफ्टरच्या पोटात अशी यंत्रणा असते, की दांडा एकदा ओढला की ती एक टप्पा सरकते आणि या दोन्ही हालचाली स्वतःच योग्य क्रमाने करते. गिअरबॉक्सच्या आत मात्र तेच गिअर, ते टाकणारे तेच फोर्क आणि वेग जुळवणाऱ्या त्याच सिंक्रो रिंग राहतात.

खरा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स पाहायचा तर शर्यतीपर्यंत जायला नको, कुठलीही गिअरची मोटरसायकल बघा. चाकणला बनणाऱ्या पल्सरमध्ये पहिला गिअर खाली आणि बाकीचे एकामागून एक वर पडतात. तिथे खाचा असलेला ड्रम गिअरबॉक्सच्या आतच असतो आणि तो फोर्कना थेट हलवतो.

गैरसमज २: आता क्लच दाबायची गरज नाही.

वस्तुस्थिती: गरज आहे, पूर्वीइतकीच. रस्त्यावरच्या गाडीत गिअर पडण्याआधी सिंक्रो रिंग घासून दोन फिरत्या भागांचा वेग सारखा करते. क्लच दाबलेला असताना तिला फक्त क्लच प्लेट आणि गिअरबॉक्समधल्या काही भागांना आवरायचं असतं. क्लच न दाबता दांडा ओढलात, तर अख्ख्या इंजिनाचं फिरतं वजन त्या छोट्या रिंगवर येतं.

शर्यतीच्या गिअरबॉक्समध्ये बहुधा सिंक्रो नसतात. तिथे मोजके, जाड दात, म्हणजे डॉग, असतात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवलेली असते, म्हणून वेग तंतोतंत जुळला नाही तरी गिअर बसतो. वरचा गिअर टाकताना इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडून दातांवरचा ताण काढला जातो. शिवाय हे गिअरबॉक्स वरचेवर उघडून डॉग तपासावे लागतात. तिथे क्लच न दाबणं चालतं ते या सगळ्या व्यवस्थेमुळे.

गैरसमज ३: गिअर डोळ्यांचं पातं लवण्याआधी पडतात, गाडी जास्त पळते.

वस्तुस्थिती: फायदा आहे, पण ठरावीक जागी. पहिल्यातून दुसऱ्यात किंवा तिसऱ्यातून चौथ्यात जाताना साधा दांडाही सरळच मागे येतो, तिथे वेळ जवळपास वाचत नाही. वाचतो तो दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि चौथ्यातून पाचव्यात जाताना, कारण हाताला आडवं वळण घ्यावं लागत नाही. त्यापलीकडे वेगाची मर्यादा सिंक्रो ठरवते. तिच्यापेक्षा घाई केली तर गिअर करकरतो, रिंग झिजते आणि शेवटी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

गैरसमज ४: चुकीचा गिअर पडूच शकत नाही, म्हणून इंजिन सुरक्षित.

वस्तुस्थिती: हे अर्धंच खरं आहे. चौथा टाकायच्या गडबडीत दुसरा पडणं, ही इंजिन फोडणारी चूक इथे टळते. पण एक वेळ जास्त किंवा फार लवकर खालचा गिअर टाकणं कोणी अडवत नाही. समजा तिसऱ्याचं गुणोत्तर १.३ आणि दुसऱ्याचं २.० आहे. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला ६,००० फेरे फिरत असताना दुसरा टाकून क्लच सोडला, तर चाकं त्याला ९,२०० च्या पुढे ओढतील. व्हॉल्व्ह आणि पिस्टन त्यासाठी घडवलेले नसतात. २०१४ मध्ये मारुती सेलेरियोबरोबर आपल्याकडे रुळलेल्या एएमटीमध्ये (क्लच आणि गिअर स्वतः चालवणाऱ्या गिअरबॉक्समध्ये) अधिक-उणे खुणांनी गिअर बदलता येतो, पण तिथला संगणक असा धोक्याचा आदेश नाकारतो. निव्वळ यांत्रिक शिफ्टरला नाही म्हणता येत नाही.

गैरसमज ५: शहरात चालवणं सोपं होईल.

वस्तुस्थिती: उलट अनुभव येण्याची शक्यता जास्त. साध्या दांड्याने पाचव्यातून थेट दुसऱ्यात जाता येतं. इथे चौथा, तिसरा, दुसरा ही प्रत्येक पायरी उतरावी लागते. रिव्हर्ससाठी वेगळी कळ असते. दांडा दर वेळी मधल्याच जागी परत येत असल्याने आपण कोणत्या गिअरमध्ये आहोत हे हाताला कळत नाही, म्हणून गिअर दाखवणारा आकडा डोळ्यांसमोर हवाच.

गैरसमज ६: चार बोल्टांचं काम, कुठल्याही गाडीला बसतं.

वस्तुस्थिती: शिफ्टर त्या-त्या गिअरबॉक्ससाठीच बनवलेला असावा लागतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत दांडा थेट गिअरबॉक्सवर बसतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत मधे दोन केबल असतात, एक जोडी निवडणारी आणि एक गिअर टाकणारी. मिलिमीटरभर फरक राहिला तरी गिअर अर्धवट बसतो, जोर लागला की सुटतो, फोर्क घासला जातो. आधीच ढिले झालेले बुश आणि ताणलेल्या केबल तशाच ठेवून केलेली बसवणूक टिकत नाही.

गैरसमज ७: आरसी बुकात दांड्याची नोंद नसते, मग कायद्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती: मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरचा बदल, अगदी नंतर बसवलेला सुटा भागसुद्धा, केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून आरटीओ आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा. अपघातानंतर विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला, तर दाव्यावर वाद उभा राहू शकतो.

मग हा शिफ्टर कोणासाठी? बंदिस्त ट्रॅकवर सराव करणारा, ज्याच्या गाडीचा गिअरबॉक्स ठणठणीत आहे आणि क्लचचा पाय शिस्तीत आहे, त्याला एकाग्रतेसाठी याचा खरा उपयोग होतो. रोजच्या गाडीत गिअर अडकत किंवा करकरत असतील, तर तेच पैसे आधी सिंक्रो, बुश, क्लच आणि योग्य दर्जाच्या गिअर ऑइलवर खर्च करा. गिअर सुरळीत पडायला लागतील, आणि नव्या दांड्याची गरज उरली आहे का, हे तेव्हा नीट ठरवता येईल.