टपालपेटी रजेवर जाते तेव्हा

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. अशा बदलात कचेऱ्यांचे पत्ते बदलतात, पत्रे मात्र सवयीने काही काळ जुन्याच पत्त्यावर येत राहतात. मग पोस्टात पाकिटावरचा पत्ता खोडून नवा लिहितात आणि पत्र पुढे पाठवतात. ई-मेलमधील ‘फॉरवर्डिंग’ म्हणजे हेच काम. फरक एवढाच, की पोस्टमन विचार करतो, सर्व्हर फक्त नियम पाळतो.

समजा, रिसोडच्या मुख्याध्यापकांची मानोऱ्याला बदली झाली. जुन्या पेटीतील पत्रे नव्या पेटीकडे वळवण्याचा नियम त्यांनी लावला. पुढे कधीतरी नव्या पेटीतून जुन्या पेटीकडे वळवण्याचाही लावला. आता पत्र दोन पेट्यांमध्ये चेंडूसारखे फिरत राहील. मग ते थांबते कसे? वाटेतला प्रत्येक सर्व्हर पत्रावर आपली एक ओळ लिहितो, पोस्टाच्या शिक्क्यासारखी. हे शिक्के मर्यादेबाहेर गेले, की सर्व्हर पत्र पुढे नेण्याचे नाकारतो. २००८ च्या प्रमाण नियमांनी ही मर्यादा किमान १०० असावी असे सुचवले आहे.

स्वयंचलित उत्तराचा घोटाळा याहून सोपा. ‘मी सुट्टीवर आहे’ असे उत्तर दोघांनीही लावले, तर एकाच्या उत्तराला दुसऱ्याचे उत्तर, त्याला पुन्हा पहिल्याचे! १९८० च्या दशकात अमेरिकेत बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी लिहिलेल्या ‘व्हेकेशन’ या प्रोग्राममध्ये यावर उपाय होता. तो कोणाला उत्तर दिले याची नोंद ठेवी आणि एरवी आठवडाभर त्याच व्यक्तीला पुन्हा उत्तर देत नसे. घाऊक पाठवलेल्या पत्रांनाही तो उत्तर देत नसे. २००४ मध्ये ठरलेल्या शिफारशींनुसार अशा उत्तरावर ‘हे यंत्राने पाठवले आहे’ अशी खूण असते. ती दिसली, की समोरच्या यंत्राने गप्प बसायचे. जीमेलही एका व्यक्तीला चार दिवसांत साधारणपणे एकदाच उत्तर देते. म्हणजे या यंत्राचे शहाणपण बोलण्यात नाही, कधी बोलू नये हे ओळखण्यात आहे.

शाळेत याचा उपयोग करताना काही गोष्टी पाहाव्यात. फॉरवर्डिंग लावताना नव्या पत्त्यावर बहुधा खात्रीसाठी एक संकेतांक येतो. तो भरल्याशिवाय एकही पत्र पुढे जात नाही. म्हणून हे काम सुट्टीपूर्वीच उरका आणि दुसऱ्याच पत्त्यावरून एक पत्र पाठवून तपासा. जुन्या पेटीत प्रत राहू द्या. पुढे आलेले पत्र मूळ पाठवणाऱ्याच्या यंत्राकडून न येता तिसऱ्याच यंत्राकडून येते, त्यामुळे ते ‘स्पॅम’मध्ये पडू शकते. शिष्यवृत्तीच्या मुदतीचे पत्र तिथेच राहून गेले, तर नुकसान मुलांचे होते. उत्तरात परतण्याची तारीख आणि तोवर कोणाशी बोलावे, एवढे पुरे.

बदलीच्या वेळी शाळेच्या पेटीचा पासवर्ड बदलला, तरी फॉरवर्डिंगचा नियम तसाच राहू शकतो. मग मुलांची माहिती असलेले कागद गेलेल्या माणसाकडे जातच राहतात. कार्यभार सोपवताना तो नियम आठवणीने काढावा.

वर्गात करून पाहा: दोन मुलांना ‘चिठ्ठी आली की उत्तर द्या’ एवढाच नियम द्या. चिठ्ठ्यांचा ढीग साचला, की दोघांच्या हाती एकेक वही देऊन म्हणा, ‘वहीत नाव असेल तर गप्प बसा.’ खेळ कुठे थांबतो, ते मुलेच सांगतील.