राष्ट्राध्यक्ष व्हायचंय? आधी निबंध लिहा!

किर्गिझस्तानात राष्ट्राध्यक्षपदासाठी नुसता उमेदवारी अर्ज भरून भागत नाही. आधी परीक्षेला बसावं लागतं, आणि पेपर असतो किर्गिझ भाषेचा. भाषातज्ज्ञांच्या समितीपुढे निबंध लिहायचा, उतारा वाचून दाखवायचा, दिलेल्या विषयावर बोलायचं. नापास झालात तर मतपत्रिकेवर नाव येत नाही. २०११च्या निवडणुकीत कितीतरी इच्छुकांची दांडी इथेच गुल झाली. सोव्हिएत काळात शिकलेल्या शहरी मंडळींची रशियन फर्डी आणि मातृभाषा कच्ची, हे या देशाचं जुनं दुखणं आहे. राज्यघटनेत आजही किर्गिझ ही राज्यभाषा आहे आणि रशियनलाही अधिकृत दर्जा आहे.

या परीक्षेमुळे गाजलेलं नाव म्हणजे फेलिक्स कुलोव. माजी उपराष्ट्राध्यक्ष, राजधानी बिश्केकचे माजी महापौर, लोकांत वजन असलेला माणूस. २००० साली त्यांनी ही परीक्षा द्यायलाच नकार दिला आणि शर्यतीतून बाद झाले. पुढे तुरुंगात गेले. मार्च २००५मध्ये क्रांती झाली, त्याच दिवशी जमावाने त्यांना तुरुंगातून बाहेर काढलं, आणि वर्ष सरायच्या आत ते देशाचे पंतप्रधान झाले!

कोठडी ते खुर्ची, दहा दिवसांत

कुलोव यांना काही महिने तरी लागले. सादिर जापारोव यांचा वेग त्याहून जबरदस्त. कुमतोर या सोन्याच्या खाणीवरून झालेल्या आंदोलनात एका प्रांताच्या प्रमुखाला ओलीस धरल्याच्या प्रकरणात ते साडेअकरा वर्षांची शिक्षा भोगत होते. ४ ऑक्टोबर २०२० रोजी संसदेची निवडणूक झाली. १६ पक्ष मैदानात होते, पण किमान ७ टक्के मतांची अट फक्त चार पक्षांना पार करता आली आणि त्यातले तीन सरकारच्या गोटातले. मतं विकत घेतल्याच्या तक्रारींनी आधीच वातावरण तापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी बिश्केकच्या चौकात गर्दी जमली आणि त्या रात्री जापारोव समर्थकांच्या मदतीने तुरुंगाबाहेर आले.

सहा तारखेला निवडणूक रद्द. दहा तारखेला जापारोव पंतप्रधान. पंधरा तारखेला राष्ट्राध्यक्ष सूरोनबाय जीनबेकोव यांचा राजीनामा, आणि जापारोव हंगामी राष्ट्राध्यक्षही! जानेवारी २०२१मध्ये ते सुमारे ७९ टक्के मतं घेऊन रीतसर निवडून आले. मतदान मात्र चाळीस टक्क्यांच्याही खाली होतं, ही गोष्ट त्या ७९ टक्क्यांच्या शेजारीच लिहायला हवी.

जापारोव तुरुंगाबाहेर आले त्याच रात्री आणखी एक बडा कैदी सुटला होता: माजी राष्ट्राध्यक्ष अल्माझबेक आतांबायेव. त्यांचं सुटकेचं सुख चार-पाच दिवसांचंच ठरलं. त्यांना पुन्हा अटक झाली.

तीनदा लुटलेलं राष्ट्राध्यक्ष भवन

बिश्केकमधल्या सात मजली संगमरवरी इमारतीला सगळे ‘व्हाइट हाउस’ म्हणतात. १९८५ साली ती कम्युनिस्ट पक्षाच्या मुख्यालयासाठी बांधली गेली. २००५, २०१० आणि २०२०, अशा तीन वेळा लोक तिच्या कुंपणावरून आत घुसले आणि तिन्ही वेळा राष्ट्राध्यक्ष बदलला.

पहिले राष्ट्राध्यक्ष अस्कार अकायेव मुळात भौतिकशास्त्रज्ञ. १९९०मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या प्रमुखाला पुरेशी मतं मिळेनात, तेव्हा विज्ञान अकादमीच्या या अध्यक्षाची निवड झाली. शेजारच्या देशांत पक्षाचे जुने सचिवच सत्तेवर राहिले असताना एक प्राध्यापक राज्य चालवतोय, याचं जगाला मोठं अप्रूप होतं. पण २००५च्या निवडणुकीत त्यांची मुलगी आणि मुलगा दोघंही संसदेच्या रिंगणात उतरले, तेव्हा लोकांचा संयम सुटला. अकायेव मॉस्कोला गेले आणि तिथे पुन्हा विद्यापीठात रमले. त्यांच्यानंतरचे कुर्मानबेक बाकियेव यांनीही भाऊबंदांनाच मोठं केलं. त्यात वीज आणि गरम पाण्याचे दर कडाडले. एप्रिल २०१०मध्ये बिश्केकच्या रस्त्यांवर गोळीबारात ऐंशीहून अधिक माणसं मेली आणि बाकियेव बेलारूसला पळाले.

शेजारी पाहा. कझाकस्तानात नझरबायेव जवळपास तीन दशकं. उझबेकिस्तानात करिमोव २०१६मध्ये मरेपर्यंत. ताजिकिस्तानात रहमोन १९९२पासून आजतागायत. या टापूत सत्तर लाख वस्तीच्या एका डोंगराळ देशाने आपल्या राज्यकर्त्यांना तीनदा घरी पाठवलं.

पासष्टच्या वर जागा नकोत!

या देशातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे २०१०ची राज्यघटना. बाकियेव पळाल्यावर हंगामी सूत्रं आली रोझा ओतुनबायेवा यांच्याकडे. त्या मुरलेल्या राजनैतिक अधिकारी, माजी परराष्ट्रमंत्री, आणि मध्य आशियातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. जूनमध्ये दक्षिणेतल्या ओश शहरात किर्गिझ आणि उझबेक समाजांत भीषण दंगल उसळली, शेकडो माणसं मेली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला सार्वमत घेऊन नवी घटना मंजूर झाली.

तिच्यातली कलमं आजही वाचावीत अशी आहेत. राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत, पुन्हा उभं राहायचं नाही. संसदेत, म्हणजे ‘जोगोर्कू केनेश’मध्ये, १२० जागा, पण कितीही मतं मिळोत, एका पक्षाला ६५पेक्षा जास्त जागा नाहीत. अर्थसंकल्पाची आणि कायदा-सुव्यवस्थेची, या दोन्ही समित्यांचं अध्यक्षपद विरोधकांकडे. तिजोरी आणि पोलीस या दोन्हींवर विरोधी पक्षाची नजर! त्या वर्षीच्या निवडणुकीत पाच पक्ष संसदेत आले आणि पहिल्या क्रमांकाच्या पक्षाला जागा मिळाल्या अवघ्या २८. ओतुनबायेवांनी १ डिसेंबर २०११ रोजी निवडून आलेल्या उत्तराधिकाऱ्याकडे शांतपणे पद सोपवलं. मध्य आशियात असं दृश्य तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

या घटनेची दुसरी बाजूही होती. आघाड्या जुळायच्या आणि फिसकटायच्या. २०१० ते २०२० या दहा वर्षांत काळजीवाहू सोडून दहा पंतप्रधान झाले. लोक वैतागले आणि ‘एकच खंबीर हात हवा’ ही भाषा जोर धरू लागली. २०२१च्या सार्वमताने सगळे अधिकार पुन्हा राष्ट्राध्यक्षाकडे गेले, संसद ९० जागांची झाली, पंतप्रधान हे पदच जाऊन ‘मंत्रिमंडळाचा अध्यक्ष’ आला. जानेवारी २०२४मध्ये एकाच दिवशी अकरा आजी-माजी पत्रकारांची धरपकड झाली. ज्या देशाकडे या टापूतलं सर्वांत मोकळं वातावरण होतं, तिथे हे घडावं याचं मनापासून वाईट वाटतं.

घटनेवर सार्वमत ही तिथे सवयीची गोष्ट आहे. १९९३च्या घटनेनंतर १९९४, १९९६, १९९८, २००३, २००७, २०१०, २०१६, २०२१!

सात मेंढ्या आणि भांडकुदळ खासदार

एप्रिल २०११. संसदेत खासदारांची हमरीतुमरी हातघाईवर आली होती. वास्तूला काहीतरी बाधा झाली असणार, असं काहींच्या मनाने घेतलं. संसदेच्या आवारात सात मेंढ्या कापून दुष्ट शक्तींच्या शांतीचा विधी झाला.

बोटाचा ठसा, मग मत

२०१५पासून मतदान केंद्रावर बोटांचे ठसे जुळल्याशिवाय मतपत्रिका हाती पडत नाही. ज्याने आधी ठसे नोंदवले नाहीत, त्याला मत नाही. मतपेटीला जोडलेलं यंत्र मतपत्रिका आत सरकतानाच वाचतं, त्यामुळे प्राथमिक निकाल काही तासांत कळतो. मतपत्रिकेवर ‘सर्वांच्या विरोधात’ हाही रकाना असतो. आपल्या ‘नोटा’चाच भाऊ.

महिलांच्या जागांसाठीचा २०२५चा नियम तर फारच सुटसुटीत आहे. देशाचे ३० मतदारसंघ, प्रत्येकी ३ खासदार, आणि त्या तिघांत एकाच लिंगाचे दोघांहून अधिक नकोत. म्हणजे दर मतदारसंघातून किमान एक स्त्री संसदेत जाणारच. गावोगावच्या स्थानिक परिषदांत तर २०१९पासूनच ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. रस्त्यावरच्या राजकारणातही बायका मागे नाहीत. निदर्शनांत पन्नाशीच्या दणकट बायका सर्वांत पुढे उभ्या राहतात, कारण त्यांना हात लावायला पोलीस कचरतात. या पथकांना लोक ‘ओबोन’ म्हणतात, आणि पुढाऱ्यांकडून पैसे घेऊन आलेली पथकंही त्यांत असतात.

दाढीवाल्यांचं न्यायालय

बांधावरून भांडण, नवरा-बायकोची कुरबूर, शेजाऱ्याने अडवलेलं पाटाचं पाणी, असलं काही झालं की गावकरी ‘अक्साकाल’ न्यायालयात जातात. अक्साकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचे, गावातली मानाची वडीलधारी माणसं. १९९५पासून या पंचांना कायद्याचा आधार आहे. फौजदारी गुन्हे त्यांच्याकडे जात नाहीत. त्यांचा निवाडा पटला नाही तर सरकारी कोर्टाची वाट मोकळी असते.

चौकातले पाहुणे

बिश्केकच्या मुख्य आला-टू चौकात आधी लेनिन उभा होता. २००३मध्ये त्याला संग्रहालयामागे हलवलं आणि तिथे स्वातंत्र्यदेवता आली. तिच्या हातात होता तुंदुक, म्हणजे तंबूच्या छताचं गोल कडं. तुंदुक बाईच्या हाती देणं अशुभ, अशी कुजबुज झाली. पुढे दोन क्रांत्या झाल्या आणि २०११मध्ये देवतेच्या जागी महाकाव्याचा नायक मानास घोड्यावर बसून आला.

राष्ट्रध्वजावरही मानासचीच छाप आहे: त्याने एकत्र आणलेल्या चाळीस टोळ्यांचे सूर्याला चाळीस किरण, आणि मधोमध तुंदुक. १९९२पासून हे किरण नागमोडी होते. ‘हा सूर्य नाही, सूर्यफूल दिसतं’ अशी टीका होऊ लागली आणि डिसेंबर २०२३मध्ये कायदा करून ते सरळ केले गेले. ओशमधला २३ मीटर उंचीचा लेनिन, मध्य आशियातला सर्वांत उंच, त्यानंतरही दीड वर्ष जागेवर होता. जून २०२५मध्ये क्रेन लावून तोही उतरवला.