पुंगळीचं बूड आणि पावसाळ्यातला तडा

या आठवड्यात तांबट आळीत जायचं ठरलं होतं. ते पुढच्या रविवारी, कारण मध्येच नरोलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. त्यांचा भाचा टेक्सासमध्ये राहतो, तिथल्या क्लबात पिस्तुलाची नेमबाजी करतो. नेम मारून झाला की जमिनीवर पडलेल्या पितळी पुंगळ्या वेचून घरी आणतो आणि पुन्हा भरून वापरतो. तिकडे याला मुभा आहे आणि असंख्य हौशी नेमबाज हेच करतात. भाच्याने मामांना विचारलं, ‘मामा, तुमचं आयुष्य पितळेत गेलं. यातल्या ठेवू कुठल्या आणि टाकू कुठल्या?’ आणि जाता जाता पुढे विचारलं, ‘घासायला भांड्यांचं पॉलिश चालेल ना?’ मामांनी दोन्ही प्रश्न माझ्याकडे पाठवले.

आपल्याकडे काडतूस तयार करायला शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवाना लागतो. तेव्हा घरच्या टेबलावर पुंगळ्या भरण्याचा विषय इथे उद्भवत नाही. पोलिसांच्या नि फौजेच्या सरावात तर उडालेल्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. पण पितळ कसं थकतं हे शिकायला वापरलेल्या पुंगळीइतकी चांगली वस्तू दुसरी नाही, म्हणून भाच्याच्या ढिगात आपणही हात घालू.

पुंगळीचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. चकतीपासून वाटी, वाटीपासून नळी, आणि प्रत्येक खेचणीनंतर भट्टी, हे मागच्या दोन भागांत आलंच आहे. गोळी सुटते त्या क्षणी ९ मिमीच्या पुंगळीत दाब दोन हजार बारच्या वर जातो. तेवढ्या दाबाने नळी फुगते, पिस्तुलाच्या घराला घट्ट चिकटते आणि मागे येणारा वायू अडवते. दाब उतरला की तीच नळी किंचित आक्रसते, म्हणून सहज बाहेर निघते. फुगणं आणि परत येणं, दोन्ही जमायला हवं. शिसं फुगेल पण परत येणार नाही. काच तर फुगणारच नाही. सत्तर-तीसच्या पितळेला दोन्ही जमतं, पण ठरावीक वेळाच. दर वेळी उडताना ते ताणलं जातं, भरण्यापूर्वी डायमध्ये पुन्हा आवळलं जातं, आणि या ताण-आवळीत तोंडाकडचा भाग कडक होत होत शेवटी उभा चिरतो. जास्त दाबाच्या ९ मिमीपेक्षा कमी दाबाची .४५ ची पुंगळी पुष्कळ जास्त वेळा साथ देते, ती यामुळेच.

निवडायची सुरुवात लोहचुंबकाने. पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादी पुंगळ्या डोळ्यांना फसवतात, चुंबकाला फसवत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या करड्या आणि हलक्या असतात. त्या पुन्हा भरायच्या नाहीत. पांढऱ्या चकचकीत दिसणाऱ्या काही पुंगळ्या आतून पितळच असतात, वर निकेल असतं. त्या चालतात, पण लवकर चिरतात. .२२ च्या दिसल्या की सरळ भंगारात. त्यांचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि घोड्याचा घाव त्या कडेलाच चेपून टाकतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई खेळांत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेतलं, तो .२२ चाच प्रकार. आपल्या नेमबाजांचा बराचसा सराव .२२ वर किंवा हवेच्या पिस्तुलावर होतो, त्यामुळे ही वेचावेच आपल्याकडे कुणाच्या फारशी पाहण्यात नाही.

मग माप. ९ मिमीची पुंगळी .४० च्या पोटात जाऊन बसते आणि .४० ची .४५ च्या पोटात. धुण्याआधी हे वेगळं केलं नाही तर एकात एक अडकून बसतात. त्याहून फसवी जोडी म्हणजे ९ मिमी आणि .३८० ऑटो. जाडी जवळजवळ सारखी, लांबी एकीची १९ मिमी आणि दुसरीची १७. दोन्ही शेजारी उभ्या केल्या की फरक कळतो, ढिगात कळत नाही.

आता बूड. माझ्या मते निवडीचं निम्मं काम बुडाशी होतं. बुडावर कारखान्याची खूण असते. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या जुन्या मालावर के आणि एफ ही अक्षरं सापडतात, म्हणजे किरकी फॅक्टरी. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या मालावर ओएफव्ही. वर्तुळात अधिकाचं चिन्ह असेल तर माल नाटोच्या प्रमाणाचा. अशा लष्करी पुंगळीत मधली, घाव बसताच पेटणारी प्रायमरची टोपी हलू नये म्हणून भोवतीचं पितळ दाबून बसवलेलं असतं. ती दाबलेली कड खरवडून काढल्याशिवाय नवी टोपी बसत नाही. जबरदस्तीने बसवायला गेलं तर टोपी तिथेच पेटण्याची भीती. .४५ मध्ये टोपीची भोकं दोन मापांची मिळतात, तीही वेगळी ठेवायची.

टोपी काढल्यावर आत उजेड टाकून बघायचं. मधोमध एकच छिद्र असेल तर रचना बॉक्सरची. दोन बारीक छिद्रं आणि मध्ये उंचवटा असेल तर बर्डनची. बॉक्सर इंग्रज, बर्डन अमेरिकन. दोघांनी १८६० च्या दशकात आपापली टोपी काढली, पण अमेरिकेने उचलली बॉक्सरची आणि युरोपातल्या फौजांनी बर्डनची. बॉक्सरची टोपी आतून एका सुईने ढकलून निघते. बर्डनची तशी निघत नाही, म्हणून भरणारे ती बाजूला टाकतात. आत बघतानाच भिंतीला पायरी आहे का तेही बघावं. काही ९ मिमी पुंगळ्यांना आतून अशी पायरी असते. ती जागा कमकुवत असते आणि तिथून पुंगळी दोन तुकडे होऊ शकते. मी असतो तर अशी एकही ठेवली नसती.

शेवटी कान. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसं इथेही करतात. मूठभर पुंगळ्या ओंजळीत घेऊन खुळखुळवायच्या. सगळ्या धड असल्या तर आवाज स्वच्छ येतो. एखादी चिरलेली असली तर मध्येच बद्द वाजतं. मग ती शोधायची. केसाएवढी चीर डोळ्यांतून सुटते, कानातून सुटत नाही.

भाच्याचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पितळेच्या अनेक जुन्या पॉलिशमध्ये अमोनिया असतो, आणि अमोनिया पुंगळीचा वैरी आहे. ही गोष्ट जगाला कळली ती आपल्या देशातल्या पावसाळ्यामुळे.

इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात फौजेच्या हालचाली मंदावत. काडतुसांच्या पेट्या घोड्यांच्या पागांमध्ये ठेवून देत. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की कोऱ्या, एकदाही न उडवलेल्या काडतुसांना तडे गेलेले दिसत, आणि तेही जिथे तोंड आवळून गोळी पक्की केलेली असते नेमके तिथे. बाकी पितळ ठणठणीत. ऋतूबरोबर येणारा म्हणून इंग्रजांनी त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हटलं. हवेला दोष दिला गेला, पितळेलाही दिला गेला. खरा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी केला. पागेत घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघतो. दमट हवेत तो पितळेवरच्या पाण्याच्या पातळ थरात विरघळतो आणि तांब्याला आपल्यात ओढून घेतो. एवढ्याने पितळ फुटत नाही, थोडं खरवडलं जातं इतकंच. पण पितळेच्या आत थंड अवस्थेत खेचल्या-आवळल्याचा ताण शिल्लक असेल, तर तो कणांच्या सांध्यासांध्यांतून चीर उघडत नेतो. ताण आणि अमोनिया दोन्ही जमले की तडा. एक काढून टाकलं की तडा टळतो. म्हणून आकार दिल्यावर पितळ पुन्हा बेताने तापवून ताण उतरवायचा, हा त्यावरचा उपाय ठरला. आजही आपल्या कारखान्यांत खेचलेल्या नळ्या शेवटच्या भट्टीतून जातात त्याचं कारण हेच. शुद्ध तांब्याला हा रोग जवळपास नाहीच. जस्त पंधरा टक्क्यांच्या वर गेलं की तो बळावतो, आणि पुंगळीत ते तीस टक्के असतं.

भाच्याच्या पुंगळ्या तर उडून फुगलेल्या आणि डायमध्ये आवळलेल्या, म्हणजे ताणाने भरलेल्या. त्यांना अमोनियाचं पॉलिश लावायचं नाही. साध्या साबणाच्या पाण्यात धुवाव्यात, किंवा मक्याच्या कणसाच्या भुशात यंत्रात घोळवाव्यात, आणि कोरड्या कराव्यात. इथल्या वाचकांनीही लक्षात ठेवावं: आपल्या दादरा नगर हवेलीत जून ते सप्टेंबर भिंतींना ओल सुटते, आणि घराला लागून गोठा असणं खानवेलपासून दुधनीपर्यंत सर्रास. गोठ्याच्या भिंतीला पितळेचे नळ, झडपा किंवा ठोकून वाकवलेल्या पितळी पट्ट्या लावू नका. तिथे पागेतलीच परिस्थिती तयार असते.

टाकलेल्या पुंगळ्यांचं काय होतं? जगभरच्या त्या पुंगळ्या पितळेच्या भंगारात येतात आणि भंगाराबरोबर कधी न उडालेलं काडतूसही येतं. सप्टेंबर २००४ मध्ये गाझियाबादजवळ साहिबाबादच्या पोलाद कारखान्यात परदेशी भंगारातल्या जिवंत दारूगोळ्याचा स्फोट होऊन दहा कामगार मेले. त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले. पण कागदावरची तपासणी आणि ढिगात हात घालणारा माणूस यांच्यात अंतर असतं. भंगार निवडणाऱ्या, वितळवणाऱ्या आमच्या सेलवासच्या भावांना माझी कळकळीची विनंती आहे: तोंडाशी गोळी बसलेलं किंवा बुडावरच्या टोपीला खळगा नसलेलं काही दिसलं तर ते ठोकू नका, तापवू नका, खिशात घालून घरी नेऊ नका. काम थांबवा, बाजूला व्हा आणि ११२ ला फोन करा.